डोकी मोजताना

भाचीच्या मुलाखतीची तयारी आमच्या माडीवर चालली होती. दुपार कलली होती, पण वरचा पत्रा अजून कडकड वाजत होता. खालच्या बोळातून कुल्फीवाला घंटा वाजवत गेला, त्याच्यामागे पोरांची धाव गेली, आणि कोल्हापुरातली आमची मंगळवार पेठ पुन्हा सुस्त पडली. मे महिन्यात पन्हाळ्याच्या बाजूला मुलांचं एक निवासी शिबिर भरतं. आठ ते चौदा वयाची मुलं, आठवडाभराचा मुक्काम. त्यांना सांभाळायला ताई-दादा हवे होते. भाचीनं अर्ज केला होता आणि तिला बोलावणं आलं होतं. मी पूर्वी कितीतरी उन्हाळे अशा शिबिरांत ताई म्हणून काढलेले, म्हणून ती माझ्याकडे आली. मी वहीत प्रश्न काढले आणि खुर्ची ओढून परीक्षक होऊन बसले. "पहिल्याच रात्री एखादं मूल घरी जायचं म्हणून रडायला लागलं, तर काय कराल?" तिनं पाठ ताठ केली, शिक्षणपदविकेच्या वर्गात पाठ घेताना लावायची तो आवाज लावला आणि म्हणाली, "सर्वप्रथम मी त्या बालकाला विश्वासात घेईन. त्याला एखादी मनोरंजक गोष्ट सांगेन आणि हळूहळू इतर बालकांमध्ये मिसळवेन." मी बरोबरची खूण करायला पेन टेकवलं. तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ, जो फरशीवर पालथा पडून कैरीच्या फोडी तिखटमिठात बुडवत होता, मान वर न करता बोलला, "त्या टायमाला गोष्ट नको असती, ताई."

"मग काय पाहिजे असतं?" तिनं विचारलं.

"काय म्हाईत. पण गोष्ट नको असती."

नऊ वर्षांचं पोर. गेल्या वर्षी तो असाच एका शिबिराला जाऊन आला होता. परत आल्यावर कसं होतं म्हणून विचारलं तर "लई भारी" एवढंच म्हणाला आणि बॅट घेऊन पळाला. आम्ही सगळ्यांनी ते खरंच धरलं, आणि ते खरं असेलही. पण त्या आठवड्यातली एक रात्र त्यानं वेगळी काढून ठेवली होती आणि आज कैरी खाताखाता ती आमच्यापुढे ठेवून तो मोकळा झाला होता. भाचीनं पुढचा प्रश्न मागितला. मी वाचला, तिनं उत्तर दिलं. ते उत्तर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर गेले. जोतिबाच्या डोंगराकडं काळं आलं होतं, वळवाचा वारा सुटला होता आणि भेळेच्या गाड्यांवरचे प्लॅस्टिकचे कागद फडफडत होते. चैत्र यात्रा नुकतीच होऊन गेली होती. यात्रेहून परतणारं एक कुटुंब तळ्याकाठी थांबलं होतं, सगळ्यांचे केस, कॉलर, कानांच्या पाळ्या गुलालानं गुलाबी. पाऊस येणार म्हणून गडबड उडाली आणि पोरं टेम्पोत चढू लागली. त्यांची आजी मागच्या फळीपाशी उभी राहिली. प्रत्येक पोराच्या डोक्याला हात लावून ती मोजत होती. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात. शेवटचं डोकं आत गेलं तरी तिचा हात तसाच वर राहिला. "बारकं कुठं हाय?" ती ओरडली. बारकं तिच्याच पदराआड कणीस खात उभं होतं. त्याला तिनं उचलून आत टाकलं, तेव्हा कुठे फळी लागली.

पावसाचे थेंब टपटपायला लागले तरी मी तिथून हलले नाही, कारण मला माझी पन्हाळ्यावरची रात्र आठवली.

मी भाच्याच्याच वयाची असेन. शिबिर शाळेच्या खोल्यांत होतं. बाकं भिंतीला लावलेली, जमिनीवर सतरंज्या, सतरंजीवर प्रत्येकीनं घरून आणलेलं अंथरूण. दिवसभर काही वाटलं नव्हतं. अंबरखान्याच्या गार अंधारात आम्ही आवाज घुमवले होते, तीन दरवाजावरून खालची कौलं बघितली होती, जेवणात बटाट्याच्या रश्श्यावर उड्या पडल्या होत्या. दिवे गेले आणि सगळं बदललं. पन्हाळ्याचा वारा मे महिन्यातही रात्री अंगात शिरतो. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि त्याला आमच्या कपाटाचा वास आला. डांबराच्या गोळ्या, आईच्या लुगड्यांचा दडपलेला सुती वास. तोपर्यंत घट्ट धरलेलं सगळं त्या वासानं सुटलं. आवाज होऊ नये म्हणून मी पांघरुणाचा कोपरा तोंडात कोंबला होता, त्याची ओली चव अजून जिभेवर आहे.

ताई आली ती बॅटरी घेऊन. रडू नको म्हणाली नाही. काय झालं म्हणून विचारलंही नाही. माझ्याजवळ उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "जागी आहेस ना? मग ऊठ जरा. मला मोजायचंय, बॅटरी धरायला कुणीतरी पाहिजे." मी उठले. उजेड तोंडावर मारायचा नाही, पायांवर मारायचा, असं तिनं शिकवलं. आम्ही ओळीनं चालू लागलो. मी पायांवर उजेड टाकायची, ती वाकून डोकं आहे का बघायची आणि पुटपुटत पुढे जायची. कुणाचा पाय सतरंजीबाहेर गेलेला, कुणी आडवं होऊन शेजारणीच्या पोटावर डोकं ठेवलेलं, एकीनं छातीशी चप्पल धरलेली. झोपलेली इतकी माणसं मी एका वेळी कधी बघितली नव्हती. शेवटच्या कोपऱ्यात ताई थांबली. "एक कमी येतंय," ती म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. आम्ही परत पहिल्यापासून मोजलं. पुन्हा एक कमी. मी घाबरून तिच्याकडे बघितलं, तर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आणि ही एक. झाले."

मग ती मला माझ्या अंथरुणापर्यंत सोडून गेली. मला लगेच झोप लागली असं नाही. घराची आठवण होतीच, उलट आता ती स्पष्ट झाली होती. पण आपण कमी पडलो तर इथं कुणालातरी कळतं, हे मला समजलं होतं, आणि तेवढ्यावर ती रात्र निघाली. पुढे मी स्वतः ताई झाले तेव्हा त्या ताईला तो एकचा घोळ मुद्दाम करायचा होता की खरंच झाला होता, याचा खूप विचार केला. मला वाटतं, मुद्दामच.

कोल्हापूरला ही रात्र नवी नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं, त्याच काळात जैन बोर्डिंग उभं राहिलं, मग लिंगायत, मुस्लिम, त्या वेळी अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या समाजातल्या मुलांसाठीही एकेक वसतिगृह होत गेलं. दसरा चौकातून जाताना आपण या इमारतींकडे बघतो, त्यांचं सामाजिक मोल बोलून दाखवतो, आणि ते बोलायलाच हवं. मला मात्र तिथून जाताना आधी आठवतात ती खेड्यातून ट्रंक घेऊन आलेली दहा-अकरा वर्षांची पोरं आणि त्यांची पहिली रात्र. माझे वडील भुदरगड तालुक्यातून असेच आले. शिक्षणानं त्यांचं आयुष्य बदललं, बोर्डिंगाविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत कृतज्ञता होती, तरी आमटी वाढताना मध्येच थांबून ते सांगायचे की रात्री पांघरुणाखाली सगळीच पोरं रडायची आणि सकाळी कुणीच रडलेलं नसायचं. त्यांना रेक्टरांची रात्रीची हजेरी आवडायची. बाकीच्यांना तो जाच वाटे. "दिवसभरात तेवढं एकदाच कुणीतरी माझं नाव पूर्ण घ्यायचं," वडील म्हणायचे. "बापाच्या नावासकट."

दुसऱ्या दिवशी भाची आली तेव्हा मी वही बाजूला ठेवली आणि तिला मोजण्याविषयी सांगायला बसले. ती आधी गोंधळली, तिला अपेक्षित प्रश्नांची उत्तरं हवी होती. पण शिबिरात ताईचं काम काय असतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन, की मोजणं. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं, चढ चढून गेल्यावर मोजायचं. सज्जाकोठीपाशी पोहोचल्यावर समोरची दरी बघायच्या आधी मागं वळून डोकी बघायची. पाण्याशी गेलं की मुलांच्या जोड्या लावायच्या, ज्यानं त्यानं आपल्या जोडीदारावर लक्ष ठेवायचं, आणि शिट्टी वाजली की प्रत्येक जोडीनं हातात हात धरून वर करायचे. एकही हात एकटा दिसला तर सगळ्यांनी पाण्याबाहेर. आमच्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, त्यामुळे आपल्याला पाण्याची भीती जरा कमीच. म्हणून हे जास्त कडक पाळायचं. शेवटचं मूल आणि शेवटची ताई यांच्यात अंतर पडू द्यायचं नाही. रात्री अंथरुणं घालायच्या आधी प्रत्येक अंथरूण झटकायला लावायचं, कारण मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येते आणि तिचा चावा पुष्कळदा कळतही नाही. चावलंच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, आणि १०८ ला फोन लावून थेट दवाखाना गाठायचा. उन्हात पोर गळपटलं तर सावली, सैल कपडे, मानेला आणि काखेत ओला पंचा, शुद्धीत असेल तर घोटघोट मीठ-साखरेचं पाणी. बडबडायला लागलं किंवा शुद्ध हरपायला लागली तर पाणीसुद्धा पाजायचं नाही, उचलायचं आणि निघायचं.

भाची हे सगळं लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, "पण मावशी, मुलं आवडतात का असं विचारलं तर?"

विचारतातच. आणि येणारा प्रत्येक जण म्हणतो, हो, मला मुलं खूप आवडतात. ते खोटं नसतं. पण मुलं आवडणारी माणसं मी अशीही बघितली आहेत, ज्यांच्याभोवती दिवसभर पोरांचा गराडा असायचा, गाणी, नकला, हशा, आणि त्या गराड्याच्या बाहेर आंब्याच्या बुंध्याशी एक पोर सकाळपासून बसून आहे हे त्यांच्या गावी नसायचं. आवडणाऱ्या मुलांवर माया करायला काही लागत नाही. जे मूल बोलत नाही, चुणचुणीत नाही, कधी कधी आवडतही नाही, तेही मोजणीत आलंच पाहिजे. मोजताना सगळ्यांचं वजन सारखंच, एक. म्हणून मला त्या कामाबद्दल इतकं वाटतं. प्रेम आपोआप वाटलं जात नाही, ते कुठे कमी पडलं हे मोजल्यावर कळतं.

"मग काय सांगू?" भाची म्हणाली. मी तिला म्हटलं, तू मुलांकडे बघून कधी काही ओळखलंस, ते आठव. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, कागल तालुक्यातल्या शाळेत सरावपाठाला जायची तेव्हा पोषण आहाराच्या वेळी एक मुलगी कायम भिंतीकडे तोंड करून बसायची. सगळ्यांना वाटायचं, तिला खिचडी आवडत नाही. भाची एकदा तिच्याशेजारी जाऊन जेवायला बसली तेव्हा दिसलं, की ती निम्मी खिचडी दप्तरातल्या डब्यात भरतेय. घरी धाकटा भाऊ होता, अजून शाळेत नाव न घातलेला. "मग तू काय केलंस?" "काय नाही. वाढणाऱ्या काकींना हळूच सांगितलं. त्या तिला रोज एक पळी जास्त घालायच्या." "कुणाला बोललीस हे?" "नाही. त्यात काय सांगायचं?" मी म्हटलं, हेच सांग. बालक, मनोरंजक, विश्वासात घेईन, हे सगळं राहू दे.

कोल्हापुरात हे नव्यानं शिकायची वेळ येऊ नये. लीलाताई पाटलांनी शिक्षकांना शिकवण्यात वर्षं घालवली आणि मग १९८५ साली इथंच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, मुलांकडे बघून शिकवायचं ठरवून. आपल्याच गावात इतकं मोठं काम होऊन गेलं आणि तरी शिक्षणपदविका घेतलेली माझी भाची मुलाखतीत "सर्वप्रथम मी त्या बालकाला" म्हणते, याचं मला वाईट वाटतं. तिचा त्यात दोष नाही. तिला पाठ म्हणूनच पास व्हायला लावलं.

एका प्रश्नावर मात्र आमचं अडलं. मी विचारलं, "एखादी मुलगी रात्री तुझ्याजवळ आली आणि म्हणाली, ताई, एक सांगू? पण कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे. तर?" भाची लगेच म्हणाली, "घेईन. तिचा विश्वास मोडणार नाही." तिच्या डोळ्यांत खरी माया होती. तरी मला नाही म्हणावं लागलं. ती शपथ घ्यायची नाही. "तू सांग, मी ऐकतेय, पण तुला जपायला लागलं तर मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल," असं आधीच सांगून टाकायचं. मग ऐकायचं, मध्ये प्रश्न टाकायचे नाहीत, तिचे शब्द आहेत तसे लक्षात ठेवायचे, चेहऱ्यावर धक्का दिसू द्यायचा नाही. तुझं काही चुकलेलं नाही, एवढं तिला सांगायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. भाची म्हणाली, "म्हणजे ती माझ्याजवळ आली आणि मीच तिला आधी अट घालायची?" मला त्याचं गोड उत्तर देता आलं नाही. कदाचित ती मुलगी त्या रात्री काही न सांगता परत जाईलही. ही भीती मी ताई असताना बाळगली आहे आणि अजून ती गेलेली नाही. पण मोडावी लागणारी शपथ त्या पोरीला देणं याहून वाईट. आम्ही दोघी त्यानंतर बराच वेळ बोललो नाही. खाली बोळात कुणीतरी बादलीनं अंगण मारत होतं.

घरातून या सगळ्याला फारसा पाठिंबा नव्हता. भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. पदविका झाली, टीईटी पास झाली, अभियोग्यता चाचणी दिली, आता शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलोय, आणि अशात चार दिवसांच्या मानधनाचं काम काय करायचं? त्यांचा राग समजतो. शिक्षक व्हायला निघालेल्या पोरांची उमेदीची वर्षं जाहिरातीची वाट बघण्यात जातात आणि त्यांच्या आईबापांना शेजाऱ्यांच्या "लागली का?" ला रोज उत्तर द्यावं लागतं. मलाही वाटतं की तिला कायमची नोकरी मिळावी, आणि लवकर. तरीही तिनं हे शिबिर करावं असं मला मनापासून वाटत होतं. वर्गात पोरं पाच तास असतात आणि घंटा झाली की घरी जातात. रात्री दोन वाजता पोर कसं असतं हे शिक्षकाला सहसा बघायला मिळत नाही.

मुलाखत राजारामपुरीत एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत होती. मी खाली रसवंतीत बसले. ती गेली तेव्हा सूर्य डोक्यावर होता, आली तेव्हा घाणा धुऊन झाला होता. तिघंजण होते म्हणाली. खिचडीची गोष्ट तिनं सांगितली. शपथेचा प्रश्न जवळजवळ तसाच आला. रडणाऱ्या मुलाविषयीही विचारलं. "मी म्हटलं, त्या वेळी त्याला काय हवं असतं ते मला अजून माहीत नाही, पण माझा भाऊ सांगतो की गोष्ट नको असते. मी त्याच्याजवळ बसेन आणि झोप लागेपर्यंत उठणार नाही." शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? हिनं वही उघडली. एका ताईमागे मुलं किती? रात्री मुलींच्या खोलीत कोण झोपतं? एकटी ताई आणि एकटं मूल बंद खोलीत राहू नये याची काय व्यवस्था आहे? जवळचा दवाखाना किती लांब आणि रात्री गाडी असते का? त्यातल्या एक बाई होत्या, त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि एकेक प्रश्नाचं उत्तर दिलं, गाडीचालकाच्या मुक्कामाच्या जागेसकट. निकाल पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाले.

रात्री जेवताना तिनं घरी सगळं सांगितलं. भाऊजी भाकरी मोडत ऐकत होते. मानधनाचा आकडा ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. ताटातला ठेचा संपला, ताक आलं, ताक पिऊन झालं. मग त्यांनी विचारलं, "गाडी रातभर असती म्हणाल्या न्हवं?"

"असते. ड्रायव्हर तिथंच झोपतो."

"आणि बायका किती असत्यात मुक्कामाला?"

तिनं आकडा सांगितला. भाऊजींनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि कपाटावरून आपली जुनी मोठी बॅटरी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "सेल बदलून घे उद्या," म्हणाले. निकाल लागायला अजून आठवडा होता.